पुसणाऱ्या हाताचा विचार आधी : नाशिकच्या एका घरातल्या फोटोंच्या बॅकअपचं प्रकरण

इंदिरानगरमधलं हे घर पाच माणसांचं. काका सिक्युरिटी प्रेसमधून निवृत्त झालेले, काकू घर सांभाळणाऱ्या, मुलगा अंबडच्या कारखान्यात शिफ्टमध्ये, सून शाळेत शिक्षिका, नात सातवीत. काकांच्या आई, घरातल्या आजी, २०२४ च्या डिसेंबरमध्ये गेल्या. मी कंपन्यांच्या संगणकांची देखभाल करते आणि या घराशी जुना घरोबा आहे, म्हणून त्यांचा फोटोंचा प्रश्न माझ्याकडे आला. त्यांना विचारून, नावं गाळून, सगळं इथे मांडते आहे. असा प्रश्न आज बहुतेक घरांत आहे आणि तो सोडवताना लोक जिथून सुरुवात करतात ती जागाच मला चुकीची वाटते.

२०२५ च्या रंगपंचमीला मुलाचा फोन रहाडीत पडला. रहाड म्हणजे जुन्या नाशकातले पेशवेकाळापासूनचे, जमिनीतले रंगाचे हौद. एरवी फळ्या आणि मातीखाली बंद असतात, रंगपंचमीच्या आधी उकरून काढतात आणि त्या दिवशी माणसं त्यात धप्पे मारतात. फोन प्लास्टिकच्या पिशवीत होता, पण पिशवीचं तोंड नीट बसलेलं नव्हतं. हाती लागला तेव्हा आत रंग भरलेला.

मुलाला फोनचं वाईट वाटलं, फोटोंची काळजी नव्हती. "माझा बॅकअप ऑटोमॅटिक आहे," असं तो सगळ्यांना सांगत होता, आणि सेटिंग खरोखरच कित्येक वर्षं चालू होतं. नवा फोन घेतला, त्याच खात्यानं आत गेला, गुगल फोटोज उघडलं. फोटो ऑगस्ट २०२४ पर्यंत आले आणि तिथेच थांबले. त्यापुढचे गणपती नाहीत, दिवाळी नाही, नातीचं स्नेहसंमेलन नाही. आजींची शेवटची दिवाळी, पाडव्याचं औक्षण, भाऊबीजेला सगळ्या भाच्यांच्या मध्ये बसलेल्या आजी, हे सगळं त्याच फोनवर काढलेलं होतं.

बॅकअप चालू होता, मग थांबला कसा

गुगलच्या खात्यात फुकट जागा १५ जीबी मिळते आणि ती मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. १ जून २०२१ पूर्वी थोडा आकार कमी करून चढवलेले फोटो या हिशेबात धरले जात नसत. त्या तारखेनंतर चढवलेला प्रत्येक फोटो धरला जातो. जुने फोटो मात्र आजही हिशेबाबाहेरच आहेत. मुलाच्या खात्यात २०२१ नंतरचे फोटो सुमारे सात जीबी होते, मेल दोन जीबी. उरलेले सहा जीबी कशाचे, हे त्याला उमगेना. ते होते व्हॉट्सॲपच्या चॅट बॅकअपचे, व्हिडिओंसकट. अँड्रॉइड फोनवरचा हा बॅकअप गुगल खात्यातच साठतो. तो पूर्वी मोजला जात नव्हता, २०२४ पासून मोजला जाऊ लागला. त्यामुळे मुलानं एकही जास्तीचा फोटो न काढता त्याची जागा भरली.

जागा भरली की बॅकअपचं बटण बंद होत नाही. ते चालूच दिसतं, फक्त नवं काही चढत नाही. तशी सूचना येते, पण दिवसभरात शंभर सूचना बाजूला सारणाऱ्या माणसाच्या हातून तीही सारली जाते. जागा भरल्यावर मेल येणंही थांबू शकतं. मुलाचं सगळं कामकाज कंपनीच्या मेलवर, त्यामुळे तेही लक्षात आलं नाही. बॅकअप आहे का असं विचारलं की घरोघरी "हो, चालू आहे" हेच उत्तर मिळतं. विचारायचं ते असं: शेवटचा फोटो कोणत्या तारखेचा चढला आहे? ॲपमध्ये वर उजवीकडे खात्याच्या चित्रावर बोट ठेवलं की बॅकअप पूर्ण झाला आहे का, किती बाकी आहे, हे दिसतं. घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर मी सगळ्यात आधी तेच पाहिलं.

फोन दुरुस्तीचा मार्ग लवकर संपला. दुरुस्ती करणाऱ्यानं प्रामाणिकपणे सांगितलं की बोर्ड गंजला आहे. "चिप काढून डेटा काढतात म्हणे," असं काका पुन्हा पुन्हा म्हणत होते. जुन्या फोनबाबत ते काही प्रमाणात खरं होतं. हल्लीच्या फोनमधला साठा कूटबद्ध असतो आणि त्याची किल्ली त्याच बोर्डावरच्या प्रोसेसरशी बांधलेली असते. चिप वेगळी काढली तरी हाती अर्थहीन आकडे येतात. बोर्ड पुन्हा चालू झाला तरच फोटो मिळतात, आणि हा झाला नाही.

जे परत मिळालं

मग शोध सुरू झाला तो मुलानं पाठवलेल्या फोटोंचा. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यानं दिवाळीचे बरेच फोटो टाकले होते. त्याच्या स्वतःच्या चॅटचा बॅकअपही जागेअभावी ऑगस्टलाच अडकलेला, म्हणून दुसऱ्यांचे फोन पाहावे लागले. सुनेच्या फोनवर काही होते. सिन्नरच्या मावशींकडे थोडे. सगळ्यात जास्त मिळाले धुळ्याच्या लेकीकडे, कारण ती ग्रुपवरचं काहीच पुसत नाही. आजींच्या औक्षणाचे चार फोटो तिच्याकडूनच आले. ते पाहून काका बराच वेळ बोलले नाहीत.

असे परत मिळालेले फोटो मूळ फोटो नसतात, हे माहीत असावं. व्हॉट्सॲप पाठवताना फोटोचा आकार बराच कमी करतं आणि आतली माहिती, म्हणजे काढल्याची तारीख, वेळ, ठिकाण, काढून टाकतं. अँड्रॉइड फोनवर साठलेल्या फाइलच्या नावात मात्र वर्ष, महिना, दिवस असे आठ आकडे असतात. त्यांवरून तारखा कळल्या आणि त्या ॲपमध्ये हातानं घातल्या. नाहीतर आजींची दिवाळी एप्रिलच्या फोटोंमध्ये जाऊन बसली असती आणि दहा वर्षांनी कुणाला सापडली नसती.

काकूंच्या फोनवर एकही मिळाला नाही. त्या फोन रोज साफ करतात.

काकूंची साफसफाई

सगळं नव्यानं उभं करायचं ठरलं तेव्हा मुलाचा आग्रह होता की सगळ्यांच्या फोनवर बॅकअप चालू करून टाकू, पैसे भरून जास्त जागेचा प्लॅन घेऊ, संपलं. मी थांबवलं. काकूंच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "काकू, रोज जे पुसता ते मला एकदा करून दाखवा. मी नुसती बघते."

काकूंचा फोन ६४ जीबीचा. त्यात व्हॉट्सॲपनं १९ जीबी व्यापलेले, कॅमेऱ्याच्या फोटोंनी अकरा जीबी. त्यांनी गुगल फोटोजच उघडलं, एका चित्रावर बोट दाबून धरलं, तसंच खाली ओढत नेलं आणि पंचवीस-तीस चित्रं एकदम निवडली. सुप्रभात, देवांची चित्रं, कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. पुसली. मग त्या बिनमध्ये, म्हणजे पुसलेलं काही दिवस राहतं त्या पेटीत, गेल्या आणि तीही रिकामी केली.

"ती कशाला रिकामी करता?"

"अगं, काढलेला कचरा घरात कशाला ठेवायचा?"

निवडलेल्या चित्रांत नातीचा शाळेच्या गणवेशातला एक फोटोही होता. बोट ओढताना आपोआप निवडला गेला. त्यांच्या लक्षात आलं नाही.

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे. गुगल फोटोज किंवा आयक्लाउड फोटोज यांना आपण बॅकअप म्हणतो, पण ती फोन आणि क्लाउड, म्हणजे कंपनीच्या संगणकांवरचा आपला साठा, एकसारखे ठेवणारी सोय आहे, एक आरसा. ॲपमधून फोटो पुसला की तो फोनवरूनही जातो, क्लाउडवरूनही जातो आणि त्याच खात्यानं चालणाऱ्या इतर सगळ्या उपकरणांवरूनही जातो. गुगलमध्ये बॅकअप झालेला फोटो बिनमध्ये ६० दिवस राहतो, बॅकअप न झालेला ३० दिवस. आयफोनवर 'नुकतेच हटवलेले' मध्ये साधारण ३० दिवस मिळतात. बिन हातानं रिकामी केली की ती मुदतही उरत नाही. मुलाच्या म्हणण्याप्रमाणे नुसता बॅकअप चालू केला असता, तर काकूंच्या रोजच्या सफाईनं फोन आणि क्लाउड दोन्ही झाडून निघाले असते आणि घराला वाटलं असतं की आता सगळं सुरक्षित आहे.

काकूंना "पुसू नका" असं सांगणं हा उपाय मला पटत नाही. त्यांचा फोन खरोखर भरतो, अडकतो, आणि फोन स्वच्छ ठेवणं हा त्यांचा हक्क आहे. सोय अशी हवी की त्यांनी त्यांच्या पद्धतीनं पुसलं तरी फोटो घरात कुठेतरी उरावा. म्हणजे काकूंच्या हाताच्या आवाक्याबाहेर एक प्रत हवी आणि ती कुणी आठवणीनं न करता आपोआप व्हायला हवी. पुढची सगळी मांडणी या एका गरजेभोवती केली.

मांडणी

पहिलं काम कचरा आणि फोटो वेगळे करण्याचं. व्हॉट्सॲपमध्ये 'मीडिया दृश्यमानता' नावाचं सेटिंग आहे. ते बंद केलं की नव्यानं आलेली चित्रं फोनच्या गॅलरीत दिसत नाहीत, व्हॉट्सॲपमध्येच राहतात. सगळ्यांसाठी बंद केलं आणि फक्त कुटुंबाच्या ग्रुपसाठी, त्या ग्रुपच्या माहितीत जाऊन, चालू ठेवलं. आता काकूंच्या फोटोंमध्ये त्यांनी स्वतः काढलेले फोटो आणि घरच्या ग्रुपवरचे फोटो, एवढंच येतं. सुप्रभातचा ढीग पुसायचा तो व्हॉट्सॲपच्या 'स्टोरेज व्यवस्थापित करा' मधून. तिथे मोठ्या फाइली आणि कोणत्या ग्रुपनं किती जागा घेतली हे वेगळं दिसतं. काकूंना ती जागा मनापासून आवडली, कारण एका फटक्यात कितीतरी मोकळं होतं.

मग काकूंच्या खात्यात बॅकअप चालू केला. मूळ सेटिंगमध्ये फक्त कॅमेऱ्याचे फोटो चढतात. व्हॉट्सॲपचं फोल्डर हवं असेल तर 'डिव्हाइस फोल्डर'मध्ये जाऊन ते वेगळं चालू करावं लागतं. ही पायरी बहुतेकांची सुटते. एरवी मी हे फोल्डर बंदच ठेवायला सांगते, पण इथे गाळण आधीच झाली होती, म्हणून चालू केलं.

आवाक्याबाहेरच्या प्रतीसाठी गुगल फोटोजमधलं 'भागीदारासोबत शेअर करणं' वापरलं. एका खात्यातले सगळे फोटो, किंवा ठरावीक तारखेपासूनचे, किंवा ठरावीक चेहऱ्यांचे, दुसऱ्या एका खात्याला आपोआप दिसू लागतात, आणि समोरच्यानं 'माझ्या फोटोंत साठवा' हे चालू केलं की त्याच्या संग्रहात उतरतात. काकूंच्या खात्याचा भागीदार मुलगा. काकूंचा प्रत्येक फोटो मुलाच्या खात्यात साठतो. उलट दिशेनं मुलाच्या खात्यातून काकूंना फक्त नातीचा चेहरा असलेले फोटो दिसतात. आता नातीचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून लहान करायची गरज उरलेली नाही. काकूंना याचा जो आनंद झाला त्यामुळे त्यांनी बाकीच्या बदलांना तक्रार न करता साथ दिली.

याची एक अडचण आहे. प्रत्येक खात्याला भागीदार एकच करता येतो. मुलाचा भागीदार काकू झाल्या, म्हणून सुनेला त्यात घेता आलं नाही.

फोनवर जागा करायची तर काकूंनी ॲपमधलं 'जागा मोकळी करा' दाबायचं. त्यानं फक्त बॅकअप झालेले फोटो आणि तेही फक्त फोनवरून जातात, क्लाउडवर हात लागत नाही. हे त्यांना दोनदा समजावलं आणि त्यांच्याकडून करून घेतलं. फोन स्वतःहून बॅटरी वाचवताना पाठीमागे चालणारी ॲप बंद पाडतो, म्हणून गुगल फोटोजसाठी बॅटरीचे निर्बंध काढले. काकू निफाडला माहेरी गेल्या की वायफाय नसतं. तेव्हासाठी मोबाइल डेटावर चढवायची परवानगी दिली, रोजच्या मर्यादेत आणि व्हिडिओ वगळून.

गुणवत्ता कोणती निवडायची यावर घरात चर्चा झाली. 'स्टोरेज सेव्हर'मध्ये १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठा फोटो तेवढ्यावर आणतात आणि व्हिडिओ १०८० वर. रोजच्या फोटोंना हे पुरेसं आहे, मोठी प्रिंटही व्यवस्थित निघते. काकू आणि मुलाच्या फोनवर तेच ठेवलं. जुने अल्बम स्कॅन करून येतील ते मात्र मूळ गुणवत्तेत, कारण त्या कागदाचं आयुष्य किती उरलंय हे सांगता येत नाही.

जुन्या संगणकाच्या हार्ड डिस्कवर २००९ पासूनचे ५८ जीबी फोटो होते. गुगल ड्राइव्हच्या डेस्कटॉप ॲपमध्ये एखादं फोल्डर थेट गुगल फोटोजमध्ये चढवायची सोय आहे, ती वापरली. घरच्या फायबरचा चढवण्याचा वेग २० एमबीपीएस, म्हणजे कागदावर साडेसहा तास. प्रत्यक्षात वीज जाऊन-येऊन काही रात्री लागल्या. जुन्या कॅमेऱ्याची तारीखच चुकीची होती म्हणून कितीतरी फोटो भलत्या वर्षात गेले. काकांनी ते ओळखून एकेक दुरुस्त करायचं मनावर घेतलं आहे.

दुकानदारानं काढून दिलेलं खातं

या कामात एक गोष्ट अनपेक्षित निघाली. काकूंचे २०१८ ते २०२१ मधले फोटो कुठेच नव्हते. काकूंना आठवलं की पहिला स्मार्टफोन घेतला तेव्हा दुकानातल्या मुलानंच "जीमेल काढून देतो" म्हणून खातं काढून दिलं होतं. पासवर्ड कुणालाच माहीत नाही. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर काकूंनी नंतर बंद केलेला. बंद पडलेले नंबर काही काळानं दुसऱ्या ग्राहकाला दिले जातात, तेव्हा त्या खात्याचा ओटीपी आज परक्या माणसाच्या फोनवर जात असण्याची शक्यता होती.

जुना फोन कपाटात सापडला. चार्जिंगला लावला, चालू झाला, आणि त्यात ते खातं अजून उघडं होतं. त्याच फोनवरून, घरच्याच वायफायवरून पासवर्ड बदलण्याचा प्रयत्न केला. ओळखीचं उपकरण आणि ओळखीचं ठिकाण असेल तर गुगल खातं परत मिळण्याची शक्यता खूप वाढते. स्क्रीन लॉकवर पडताळणी झाली आणि नवा पासवर्ड मिळाला. नंबर बदलण्याला काही दिवसांची सुरक्षेची थांबणूक लागली, ती धीरानं काढली. आत तीन वर्षांचे फोटो होते, नात पहिलीत गेल्याच्या दिवसाचेही.

वेळही नेमकी जुळली. दोन वर्षं वापर न झालेली वैयक्तिक खाती गुगल पुसू शकतं, हे धोरण डिसेंबर २०२३ पासून अमलात आलं आहे. तो फोन कपाटात जाऊन दीड वर्ष झालं होतं. कुणाच्याही घरात जुना फोन विकायला किंवा भंगारात द्यायला काढला असेल, तर आधी त्यात कोणतं खातं उघडं आहे हे पाहा. फोन रीसेट केला की हा मार्ग कायमचा बंद होतो.

पैसे, पासवर्ड आणि काकांच्या शंका

प्लॅन २०० जीबीचा घेतला. पैसे भरणारा एक आणि घरातले आणखी पाच जण तो वाटून घेऊ शकतात. जागा सामाईक, पण प्रत्येकाचे फोटो आणि मेल त्याच्यापुरतेच. खर्च महिन्याला दोनशे-अडीचशे रुपयांच्या घरात. काकांना महिन्याचं देणं नको होतं, वर्षाचं एकदम भरलं. त्यामागे माझाही आग्रह होता. महिन्याचा ऑटोपे एखाद्या महिन्यात कार्डाची मुदत संपल्यानं अडकतो, प्लॅन जातो, जागा पुन्हा १५ जीबी होते आणि बॅकअप पुन्हा गुपचूप थांबतो. दोन वर्षं जागेपेक्षा जास्त साठा राहिला तर तो पुसलाही जाऊ शकतो. वर्षाचं देणं दिवाळीच्या सुमारास येईल असं बसवलं, म्हणजे घरातले सगळे एकत्र असताना ते डोळ्यांसमोर येतं.

काकांची पहिली शंका होती, "तिथे फोटो कुणी बघतं का?" त्यांना मी खरं ते सांगितलं. फोटो जाताना आणि साठताना कूटबद्ध असतात, पण गुगल फोटोजची किल्ली गुगलकडेच असते. फक्त आपल्याच हाती किल्ली असणारी व्यवस्था ही नव्हे. ॲपलच्या आयक्लाउडमध्ये तशी 'प्रगत डेटा संरक्षण' ही ऐच्छिक सोय आहे, पण तिथे किल्ली हरवली तर कंपनीही मदत करू शकत नाही. हे ऐकून काकांनी ठरवलं की घरातले कार्यक्रम आणि माणसं क्लाउडवर, आधार, पॅन आणि पासबुकाचे फोटो तिथे नकोत. ते शोधून काढले. आधार-पॅनसाठी डिजिलॉकर आहेच.

खात्यांना दोन पायऱ्यांची पडताळणी लावली. अडचणीच्या वेळचे दहा बॅकअप कोड कागदावर उतरवून विम्याच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवले. काकांनी ते सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहून काढले आणि खाली कोणत्या खात्याचे तेही लिहिलं. बहुतेक लोक हेच लिहायला विसरतात.

दुसरी शंका त्यांनी काकू स्वयंपाकघरात असताना विचारली. "आम्ही दोघं गेल्यावर हे कुणाला उघडता येईल?" गुगलच्या 'निष्क्रिय खाते व्यवस्थापक'मध्ये आपण मुदत निवडतो, ३, ६, १२ किंवा १८ महिने. तेवढ्या काळात खातं वापरलं गेलं नाही तर आपण नेमलेल्या माणसाला कळवलं जातं आणि आपण परवानगी दिलेला साठा त्याला उतरवून घेता येतो. काकांनी धुळ्याच्या लेकीचं नाव दिलं. काहीच न पुसणारी तीच.

घरच्या घरी स्वतःचा सर्व्हर उभा करून इमिचसारखं फोटो साठवणारं मोफत सॉफ्टवेअर चालवायचं, हाही पर्याय मुलानं सुचवला होता. ते सॉफ्टवेअर चांगलं आहे. पण ते अद्ययावत ठेवायला, डिस्क बिघडली तर बदलायला, घरात जाणता माणूस रोज हवा. शिफ्टमध्ये काम करणाऱ्या मुलावर ते ओझं टाकणं मला योग्य वाटलं नाही.

हार्ड डिस्क मात्र घेतल्या, दोन. यामागे काकांच्या घराचा इतिहास आहे. पूर्वी ते भांडी बाजाराजवळच्या वाड्यात राहत. २००८ च्या सप्टेंबरात गोदावरीला मोठा पूर आला, सराफ बाजार आणि भांडी बाजारात पाणी शिरलं. लग्नाचा अल्बम भिंतीतल्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात होता. तेव्हापासून काका सगळं वरच्या कप्प्यात ठेवतात. छायाचित्रकारांमध्ये रुळलेला ३-२-१ चा नियम त्यांना एका वाक्यात पटला: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. क्लाउडची प्रत घराबाहेर असतेच, पण ती एका खात्याच्या भरवशावर असते. खातं गेलं तर प्रत गेली. म्हणून वर्षातून एकदा गुगल टेकआउटमधून सगळं उतरवून एका डिस्कवर घरात, दुसरी धुळ्याला. टेकआउटच्या झिप फाइलींमध्ये प्रत्येक फोटोसोबत एक छोटी माहितीची फाइल येते. हातानं बदललेल्या तारखा त्या फाइलीत असतात, म्हणून ती टाकून द्यायची नाही. आजींच्या दिवाळीची तारीख आता तिथेच आहे.

तपासणी आणि उरलेलं काम

सगळं लागल्यावर चाचणी घेतली. काकूंना एक फोटो काढायला सांगितला, तुळशीवृंदावनाचा. तो त्यांच्या खात्यात चढला, मुलाच्या खात्यात साठला हे पाहिलं. मग त्यांना नेहमीसारखं पुसायला सांगितलं. त्यांनी पुसला, बिनही रिकामी केली. मुलाच्या खात्यात फोटो जागेवर होता. नंतर रीसेट केलेल्या एका वेगळ्या फोनवर मुलाच्या खात्यानं आत जाऊन वेगवेगळ्या वर्षांतले काही फोटो उतरवले, उघडून मोठे करून पाहिले, तारखा पाहिल्या. आत जाताना मुद्दाम बॅकअप कोड वापरला, तो चालतो की नाही हे कळावं म्हणून. परत आणून पाहिलेला नसेल तो बॅकअप मी धरत नाही. कंपन्यांतही धरत नाही, घरातही नाही.

ही तपासणी आता खंडेनवमीला होते. घरातली हत्यारं, अवजारं पूजेला मांडतात तेव्हा फोनही मांडतात, आणि त्याआधी प्रत्येकाच्या फोनवर शेवटचा चढलेला फोटो कोणत्या तारखेचा आहे हे नात पाहते. काम तिच्याकडे दिलं, कारण ते ती कधीच विसरत नाही.

सुनेचा आयफोन अजून अर्धवट आहे. आयक्लाउडची फुकट जागा ५ जीबीच, म्हणून तिनं गुगल फोटोजचं ॲप घेतलं. पण आयफोन बाहेरच्या ॲपना पाठीमागे फार वेळ काम करू देत नाही, अधूनमधून ॲप उघडून ठेवावं लागतं. रविवारी सकाळी ती फोन चार्जिंगला लावून ॲप उघडं ठेवते. हे तिच्या आठवणीवर अवलंबून आहे, म्हणून मला पुरतं समाधान नाही. तोवर महत्त्वाचे फोटो ती सामाईक अल्बममध्ये टाकते.

पुरात भिजलेल्या अल्बममधले सुटे फोटो काका ६०० डीपीआयवर स्कॅन करत आहेत. एकमेकांना चिकटलेले फोटो ओढून सोडवायचे नाहीत हे त्यांना बजावलं आहे, कारण ओढताना चित्राचा थरच निघून येतो. ते जसे आहेत तसे वेगळे ठेवलेत, जाणकार माणूस मिळेपर्यंत.

दुकानदारानं काढलेलं ते खातं बंद करून टाकावं असं मुलाचं मत आहे. पण त्यातले फोटो जून २०२१ पूर्वीचे, जागेच्या हिशेबाबाहेरचे. नव्या खात्यात हलवले तर जागा खाणार. म्हणून ते काकूंच्या फोनवर दुसरं खातं म्हणून उघडं ठेवलं आहे आणि वापरात आहे. त्याचं टेकआउट उतरून दोन्ही डिस्कवर जाऊन, धुळ्याची डिस्क लेकीनं तिच्या संगणकाला लावून फोटो उघडून पाहिले, की मगच बंद करायचं की नाही यावर बोलायचं असं ठरलं आहे.